जोडवजन

इंद्रजित साळोखेचं वजन त्या वर्षी एकसष्ट भरलं. किलोत नव्हे. किलोत तो ब्याऐंशी होता आणि त्याबद्दल कोणी विचारलेलं त्याला मुळीच आवडत नसे. एकसष्ट हे लीगचं वजन होतं. दख्खन फुटबॉल लीगमधल्या प्रत्येक खेळाडूला सीझनच्या सुरुवातीला असं एक वजन मिळे, आणि मैदानात एका वेळी असणाऱ्या अकरा जणांची बेरीज हजाराच्या वर जाता कामा नये, असा नियम होता.

याआधी लीगनं पैसे मोजून पाहिले होते. क्लबनं पगारावर किती खर्च करावा याची मर्यादा घालून दिली. मोठ्या क्लबांनी मर्यादा इमानेइतबारे पाळली आणि स्ट्रायकरच्या सासऱ्याला पेट्रोल पंप काढून दिला. गोलकीपरच्या बायकोच्या ब्युटी पार्लरला क्लबच्या मालकाकडून जाहिरातीचं असं काही कंत्राट मिळालं की त्या पैशात अख्ख्या शहराचे केस कापून झाले असते. चौकश्या झाल्या, दंड झाले, वकिलांची घरं भरली. शेवटी लीगनं हात टेकले. पैसा लपवता येतो, खेळ लपवता येत नाही, तेव्हा खेळच मोजू या, असं ठरलं आणि ‘समतोल’ नावाचं यंत्र आलं.

बुटाच्या तळव्यात नखाएवढी एक चकती, चेंडूच्या पोटात दुसरी, आणि स्टेडियमच्या छपराखालून टक लावून बसलेले कॅमेरे. एवढ्यावरून समतोल हे यंत्र होऊन गेलेला सामना पुन्हा पुन्हा स्वतःशी खेळून पाही. एकदा इंद्रजितला धरून, एकदा त्याच्या जागी लीगमधला कोणीतरी चारचौघांसारखा खेळाडू ठेवून. गोल होण्याच्या शक्यतेत जो फरक पडे, त्यावरून इंद्रजितचं वजन ठरे. त्यात पगार, नाव, वशिला, कशालाच जागा नव्हती. ठाण्याच्या क्लबाला सगळे हिरे एकाच हारात ओवता येईनात, आणि कोल्हापुरातल्या एका पेठेच्या निशाण तालमीचा संघ, ज्याला आधी लीगच्या दारात कोणी उभं केलं नसतं, तो थेट आत जाऊन बसला. यंत्राला शिव्या घालणाऱ्यांना इंद्रजित हे नेहमी ऐकवायचा. आपण यंत्राचं खाल्लंय, असं त्याचं म्हणणं असे.

पहिली दोन वर्षं निशाण तालीम वरच्या चारांत राहिली, आणि तिथंच घोटाळा झाला.

डॉ. वैदेही नाडकर्णी लीगच्या समतोल विभागाच्या प्रमुख. नवा सीझन सुरू व्हायच्या आधी त्या स्वतः तालमीत आल्या. तालमीचे अध्यक्ष आणि संघाचे मॅनेजर आप्पा सरनाईक यांनी त्यांना कुस्तीच्या हौद्याशेजारच्या खोलीत बसवलं, समोर कांदाभजी ठेवली आणि इंद्रजितला आणि रणधीर मांडरेला बोलावून घेतलं.

“तुमच्या संघाची बेरीज नऊशे नव्वद,” वैदेही म्हणाल्या. “पण तुम्ही खेळता हजाराच्या पुढच्या संघासारखे. हे वरचं येतं कुठून, ते आम्ही वर्षभर शोधत होतो. ते या दोघांच्या मधून येतं.”

रणधीर स्ट्रायकर, वजन एकशे अठरा. इंद्रजित मधल्या फळीतला, त्यानं चेंडू टाकायचा आणि रणधीरनं गोल करायचा, हे बालवाडीपासून चाललेलं. एका गल्लीत दोघं वाढले, एकाच भिंतीवर चेंडू मारून एकाच म्हाताऱ्याचा ओरडा खाल्ला. पुढे रणधीरनं इंद्रजितच्या धाकट्या बहिणीशी, ऋतुजाशी, लग्न केलं. बहिणीचा नवरा म्हणजे दाजी, तेव्हापासून इंद्रजित मैदानातसुद्धा त्याला ‘दाजी’ अशी हाक मारायचा आणि समोरचे डिफेंडर गोंधळून जायचे.

“समोरच्याचा पाय चेंडूला लागलेला डोळ्यांना दिसतो,” वैदेही समजावू लागल्या, “तो निरोप मेंदूत जाऊन आपल्या पायांपर्यंत पोचायला साधारण पाव सेकंद लागतो. कितीही चपळ माणूस असो, त्याला हा पाव सेकंद चुकत नाही. पण इंद्रजितचा पाय चेंडूला लागतो तेव्हा रणधीर आधीच निघालेला असतो. याचा खांदा किती वळला, यानं श्वास कधी घेतला, यावरून रणधीरचा मेंदू पुढचं मांडून ठेवतो. पोर पडायच्या आधीच आईचा हात पुढे होतो ना, तसंच. याला आम्ही जोडवजन म्हणतो. तुमचं चौपन्न आहे. लीगमध्ये दुसऱ्या कोणत्याही जोडीचं बाराच्या वर नाही.”

“मग चांगलंच की!” आप्पा म्हणाले.

“या वर्षीपासून ते बेरजेत धरायचं ठरलंय.”

आप्पांच्या हातातली भजी हातातच राहिली. नऊशे नव्वद आणि चौपन्न. हिशेबाला कोणी पंडित लागत नव्हता.

“बाई, ह्ये काय आमी विकत आणलंय व्हय?” आप्पा उसळले. “उद्या आईच्या हातच्या जेवणाचं बी वजन धरशीला.”

वैदेही चिडल्या नाहीत. “हुबळीच्या संघात पाच मुलं अनाथाश्रमातून आलीत, आप्पा. त्यांना कोणी गल्ली दिली नाही. तीस वर्षं एकाच गल्लीत एकाच मित्राबरोबर खेळायला मिळणं, हीसुद्धा श्रीमंतीच नाही का?” आप्पांनी हातातली भजी परत ताटलीत ठेवली. इंद्रजितला तर त्यांचं म्हणणं पटलंही, आणि पटलं म्हणून त्याला जास्त राग आला.

लीगनं सवलत दिली होती. सीझनभर दोघांना खेळू द्यायचं, शेवटच्या सामन्याआधी फेरमोजणी करायची. तोवर बेरीज हजारात बसवायची, नाहीतर दोघांपैकी एकजण बाहेर. वैदेही गेल्या. एकाला बाहेर बसवायचं तर कोणाला, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. तेहतीस वर्षांचा, एकसष्ट वजनाचा, गुडघ्याला पट्टी बांधून खेळणारा माणूस एकच होता.

“आपल्याकडं भांडणाला कदी तोटा पडलाय का?” आप्पा अचानक म्हणाले. “ह्ये सगळं दोस्तीतनं आलंय न्हवं? मग दोस्ती मोडा. भांडा. बोलू नका, संगट सराव करू नका, जेवू नका. सीझनभर यंत्राला कळू दे, हितं काय न्हाय म्हणून. वजन पडंल. मग बसा की परत मांडीला मांडी लावून.”

“ऋतुजाला सांगतो मग,” रणधीर म्हणाला.

“कुणाला न्हाय! पेठंत कुणाच्या पोटात काय ऱ्हातंय का? सकाळी सांगितलंस तर दुपारी ठाण्याच्या मालकाला कळंल.”

आणि असं ते ठरलं. आता वाटतं, तिथंच कोणीतरी ‘नको’ म्हणायला हवं होतं.

भांडायची जागा आप्पांनी निवडली ती दूध कट्ट्याची. संध्याकाळी गवळी तिथं म्हशी आणतात, समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात, आणि अर्धी पेठ मिशीला फेस लावून गप्पा ठोकत उभी असते. तिथं झालेली गोष्ट वर्तमानपत्रात छापायची गरज पडत नाही.

भांडणाचा विषयही ठरलेला होता. पास मिळत नाही, एवढंच बोलायचं आणि निघायचं. पण खोटं भांडण करायला बसलं की लोकांना पटेल असं काहीतरी बोलावं लागतं, आणि पटेल असं बोलायला गेलं की जे बरेच दिवस आत पडून होतं तेच आधी तोंडात येतं.

“तुला पास कशाला द्यायचा?” इंद्रजित ठरल्याप्रमाणे म्हणाला. “तू दहातले आठ आभाळात मारालायस.”

“तुजा पास?” रणधीर हसला. “मी धावतो म्हणून तुजा पास दिसतोय, मर्दा. पाय संपलेत तुजे. गुडघा बघ जरा.”

हे ठरलेलं नव्हतं. इंद्रजितच्या कानशिलाला आग लागली.

“माजे पाय संपलेत, आनि तू? माज्या बापाच्या माडीवर ऱ्हातोस! घरजावई!”

रणधीरच्या हातातला पेला खाली पडला की त्यानं टाकला, हे नंतर कोणालाच नीट सांगता आलं नाही. दूध फरशीवरून वाहत म्हशीच्या पायापर्यंत गेलं. रणधीर वळला आणि निघून गेला. भांडण फारच उत्तम वठलं, असं आप्पांनी त्या संध्याकाळी इंद्रजितच्या पाठीवर थाप मारून सांगितलं. इंद्रजितनं मात्र त्या रात्री ताट तसंच झाकून ठेवलं.

आईवडील गेल्यापासून खाली इंद्रजित आणि वर ऋतुजा-रणधीर असं घर चालायचं. दर रविवारी इंद्रजित मटण करी, पांढरा रस्सा ऋतुजाच्या हातचा, आणि तिघं मिळून दुपारी तीनपर्यंत जेवत बसत. पुढच्याच रविवारी ऋतुजा जिना उतरून खाली आली ती कुकर परत द्यायला.

“दादा, आमी भाड्यानं खोली बघितलीय. राजारामपुरीत.”

“ऋतू, अगं—”

“मी कुणाच्या बापाच्या घरात ऱ्हात न्हाय.”

“तुजा बी बापच होता की त्यो.”

“त्ये तू कट्ट्यावर सांगाय पायजे होतंस,” ती म्हणाली. इंद्रजितला वाटलं, आत्ता सांगून टाकावं सगळं. पण काय सांगणार होता? भांडण खोटं होतं, हे खरंच. पण तो शब्द कोणी त्याच्या तोंडात घातला नव्हता. रणधीरही त्याच्याशी त्यानंतर फोनवरसुद्धा बोलला नव्हता, म्हणजे तोही नाटकात राहिलेला नव्हता. आधी त्यानं सांगू दे, असं इंद्रजितनं ठरवलं. तिकडे राजारामपुरीत रणधीरनंही हेच ठरवलं होतं.

पेठेनं मात्र कामाला लागायला वेळ लावला नाही. दोन दिवसांत चौकात इंद्रजितचा भलामोठा डिजिटल फलक लागला: ‘निष्ठा विकत मिळत नाही’. तिसऱ्या दिवशी समोरच्या विजेच्या खांबाला रणधीरचा लागला, चष्मा लावलेला: ‘वाघाला माडी लागत नाही’. खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात दोघांचे सख्खे मित्र वाटून गेलेले. ड्रेसिंग रूममध्ये बाकांची वाटणी झाली. डाव्या बाकावरचा डिफेंडर उजव्या बाकावरच्या गोलकीपरकडे चेंडू मागे देईना. चार गोल त्यातच खाल्ले. निशाण तालीम घसरत घसरत खालून दुसरी आली. आप्पांनी तोंडावर आणलेलं हसू सरावाला जाताना घरीच ठेवायला सुरुवात केली.

मैदानात इंद्रजित आणि रणधीर एकमेकांकडे बघतही नव्हते. हाका बंद, हातवारे बंद. गोल झाला तर रणधीर दुसऱ्याच कोपऱ्याकडे धावे. इंद्रजितला एकच समाधान होतं, की एवढं सगळं झालं म्हणजे ते चौपन्न आता पाच-दहावर तरी आलं असेल.

फेरमोजणीचा आकडा सांगायला वैदेही पुन्हा तालमीत आल्या. इंद्रजित आणि रणधीर खोलीच्या दोन टोकांना उभे होते.

“बहात्तर,” त्या म्हणाल्या.

“किती?” आप्पांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

“चौपन्नचं बहात्तर झालंय. बाकी तुमच्या सगळ्या जोड्या घसरल्या. गंमत म्हणजे या दोघांचीच वाढली.” वैदेहींनी दोघांकडे पाहिलं. “गेल्या वर्षी तुम्ही एकमेकांना हाका मारत होता. हाक ऐकून केलेली धाव समतोल समजुतीत धरत नाही, ती वजा करतो. या वर्षी एकही हाक नाही, एकही खूण नाही, नजरसुद्धा नाही. तरीही हा पाय उचलायच्या आधी तो निघतोच. त्यामुळे आता वजा करायला काही उरलेलं नाही.”

इंद्रजितनं पाच महिन्यांत पहिल्यांदा रणधीरकडे सरळ पाहिलं. रणधीर खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

“म्हणजे एक तर बसवायचा,” आप्पा कसेबसे म्हणाले. शेवटचा सामना ठाणे कोस्टलशी होता. बरोबरी झाली तरी निशाण तालीम लीगमध्ये टिकणार होती. हरली तर खालच्या गटात.

“ते तुम्ही ठरवा. फक्त एक लक्षात ठेवा,” वैदेही म्हणाल्या. “खेळाडूनं स्वतः अंगठा लावून माघार घेतली, तर त्या सामन्यापुरती ती कोणालाच फिरवता येत नाही. क्लबांनी दमदाटी करून वजनाचे खेळ करू नयेत म्हणून तसा नियम आहे.”

त्या रात्री इंद्रजितनं कोणाशी सल्लामसलत केली नाही. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. तो बसला की जोडवजन शून्य, त्याच्या जागी सत्तरचा एखादा धट्टाकट्टा गडी, आणि पुढे रणधीर एकशे अठरा. हे आप्पांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतः केलेलं बरं. शिवाय कट्ट्यावर तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची दुसरी कुठलीच रीत त्याला ठाऊक नव्हती. सकाळी मैदानाला एक फेरी मारून, गोलपोस्टला टेकून त्यानं फोनवर अंगठा लावला आणि आप्पांना सांगायला तालमीत गेला.

आप्पा हौद्याच्या काठावर डोकं धरून बसले होते.

“आप्पा, मी माघार घेतली. रणधीर खेळू दे.”

“आलं मला मगाशी फोनवर,” आप्पा म्हणाले. “दोन आले.”

“दोन?”

“तुज्या आदी अर्धा तास त्येचं आलं.”

इंद्रजितला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो आप्पांच्या शेजारी काठावर बसला. तीस वर्षं त्यानं जिकडे चेंडू टाकला तिकडे रणधीर हजर असायचा, आणि रणधीर जिथं जायचा ती जागा इंद्रजितनं मोकळी सोडलेली असायची. आयुष्यात पहिल्यांदा दोघं एकाच जागेवर धावले होते.

“तुमी दोगं बी गाढव हाय,” आप्पा म्हणाले. मग डोकं वर न करता म्हणाले, “आनि तिसरा मी.”

राजारामपुरीतल्या त्या खोलीचं दार ऋतुजानं उघडलं. भावाला बघून तिनं दार लोटलं नाही, पण बाजूलाही झाली नाही. मागे रणधीर उभा होता.

“तू कशाला माघार घेतलीस?” इंद्रजितनं तिच्या खांद्यावरूनच विचारलं.

“तुजा शेवटचा सीझन हाय. कट्ट्यावर मी तुज्या गुडघ्यावर बोललो. त्ये मला झोपू देईना. तू कशाला घेतलीस?”

“मी तुला घरजावई म्हणालो.”

“त्ये ठरलं न्हवतं,” रणधीर म्हणाला.

“गुडघ्याचं बी ठरलं न्हवतं.”

“ठरलं न्हवतं म्हंजे?” ऋतुजानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “काय ठरलं होतं?”

मग सांगावंच लागलं. आप्पा, यंत्र, चौपन्न, दूध कट्टा, सगळं. ऋतुजा शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“पाच महिने,” ती म्हणाली. “पाच महिने मी हितं रडालोय. शेजारच्या बाईला सांगालोय, माज्या भावानं मला तोडलं. आनि तुमी दोगं यंत्राला फशिवत होता?” कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दलही ‘रडालोय, सांगालोय’च म्हणतात, आणि रागात असल्या की ते फार जड पडतं. “यंत्र फसलं न्हाय. मी फसलो. मला एकटीला सांगितलं असतं तर काय झालं असतं?”

ती बाजूला झाली, पण चहा काही केला नाही. तो रणधीरनं केला आणि त्यात साखर घालायला विसरला. इंद्रजित काही न बोलता तो पिऊन बसला.

सामना तिघांनी पूर्वेकडच्या साध्या स्टँडमध्ये बसून पाहिला. ऋतुजा मध्ये बसली होती. निशाण तालीम बेरजेनं इतकी हलकी पडली होती की ठाण्याचे लोक आधी हसले, मग घामाघूम झाले. पोरं जीव तोडून खेळली. डाव्या बाकावरच्यानं उजव्या बाकावरच्याला पास दिला, तेव्हा स्टँडमधून शिट्ट्या वाजल्या. शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत बरोबरी होती. मग कॉर्नरवरून ठाण्याचा एक उंच डिफेंडर उडाला, आणि निशाण तालीम लीगमधून गेली. इंद्रजितला रडू आलं आणि त्यानं ते दाबलं नाही. पेठेतले लोक दोघांकडे बघत होते, काही शिव्या घालत होते, आणि त्या शिव्यांत काही चुकीचं नव्हतं.

बाहेर पडताना वैदेही जिन्यात भेटल्या. “खालच्या गटात समतोल नाही,” त्या म्हणाल्या. “परवडत नाही तिथल्या क्लबांना.”

“म्हाईत हाय,” रणधीर म्हणाला.

शेवटचा म्हणता म्हणता इंद्रजितनं आणखी एक सीझन धरला, आणि त्याचा पहिला सामना गडहिंग्लजला होता. छप्पर नाही, कॅमेरे नाहीत, बुटात चकती नाही. लाल मातीचं मैदान, एका कडेला लोकांच्या मोटरसायकली लावलेल्या. बस निघायच्या आधी ऋतुजानं इंद्रजितच्या हातात पांढऱ्या रश्श्याचा डबा दिला, तेही ‘सांडू नको’ एवढंच बोलून. राजारामपुरीची खोली तिनं सोडली नव्हती. रविवारी मात्र ती येऊ लागली होती.

सामन्याच्या सुरुवातीलाच मधल्या वर्तुळाशेजारी चेंडू इंद्रजितच्या पायात आला. गुडघा दुखत होता. समोर तीन डिफेंडर होते आणि त्यांच्या मधल्या फटीकडे रणधीर निघालेलाच होता, इंद्रजितनं अजून पाय उचललाही नव्हता. हाक मारायची काही एक गरज नव्हती.

“दाजीऽऽ!” तो छाती फुटेस्तोवर ओरडला, आणि मग चेंडू सोडला.